खाडा पडतो म्हणून

(दृश्य: गोवंडी, शिवाजीनगर. सकाळचे साडेदहा. निळ्या पिंपांच्या रांगेतून वाट काढत चाललेली पालिकेची आरोग्य स्वयंसेविका. हातात यादी.)

यादीत या खोलीसमोर लाल शाईने एकच शब्द लिहिलाय : नकार. बाळ अकरा महिन्यांचं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळायला हवा होता.

दार उघडंच आहे.

"का गं, डोस का नाही दिला?"

"देणार नाही असं कुठं म्हटलं, ताई? मागच्या टोचणीला दोन दिवस अंग तापलं त्याचं. दोन्ही दिवस खाडा पडला. पैसे कापले माझे."

बाळाची आई चेंबूरला तीन घरची धुणीभांडी करते. माहेर जालन्याचं. लसीकरणाचं कार्ड मागितलं, तर तांदळाच्या डब्यामागून काढून देते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं, एक डाग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जगाच्या आरोग्यासमोरचे दहा मोठे धोके सांगितले, त्यात लसीबद्दलची कां-कू हा एक होता. संघटनेच्या तज्ज्ञांनी या कां-कूची तीन कारणं मांडली आहेत. विश्वास नसणं, गरज न वाटणं आणि सोय नसणं. तिसऱ्या कारणाकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत. खरं सांगायचं तर आम्हीही इथे अफवा शोधायलाच आलो होतो.

(दृश्य: चिंचपोकळी. कस्तुरबा रुग्णालयाचं फाटक.)

नोव्हेंबर 2022. गोवंडीत गोवर पसरला. कोविडच्या काळात राहून गेलेले डोस नडले. गोवर रोखायचा तर शंभरातली पंचाण्णव मुलं सुरक्षित असावी लागतात. पुरळ आलेली, धाप लागलेली मुलं इथे, कस्तुरबात आणली गेली. केंद्राचं पथक आलं, साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. पालकांना समजवायला पालिकेने मौलानांची मदत घेतली.

याच, तेव्हा आर्थर रोडचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयावर ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. तेव्हा साथ प्लेगची होती. सरकारी पथकं घरात शिरायची, रुग्णाला उचलून न्यायची, सामान जाळायची. नेलेला माणूस परत येईलच याचा भरवसा नव्हता. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला आणि या जबरदस्तीला कागदाचं बळ मिळालं.

त्याच ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत पोचले. ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. इस्माइली पंथाचे प्रमुख तिसरे आगाखान यांनी लोकांदेखत लस घेतली, ती आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून. एकीकडे घराचं दार फोडणारं पथक, दुसरीकडे आधी आपला दंड पुढे करणारा माणूस. शहर एकच, साथही एकच.

(दृश्य: परळ. हाफकिन संस्थेची जुनी इमारत.)

पण लोकांची भीती नेहमीच खुळी असते असं नाही. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी या प्रयोगशाळेतली प्लेगच्या लसीची एक बाटली वापरली गेली आणि 19 माणसं धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनांवर आला, नोकरी गेली. गडबड मुंबईत नव्हे, तिकडे बाटली उघडताना झाली असावी, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. आता लसीनंतरच्या त्रासाची नोंद आणि चौकशी करण्याची पद्धत आहे. ती घरोघरी सांगायला मात्र आपण बिचकतो. त्रासाचा उल्लेख केला तर लोक येणार नाहीत, असं वाटतं.

जगात इतरत्र काय झालं? नायजेरियातल्या कानो राज्याने 2003 मध्ये पोलिओचे थेंब बंद केले, पाश्चात्त्यांच्या हेतूबद्दल संशय म्हणून. विषाणू कितीतरी देशांत जाऊन पोचला. शेवटी इंडोनेशियात बनलेली लस आणली, तेव्हा कानो तयार झालं. पाकिस्तानात तर अमेरिकेच्या गुप्तहेर यंत्रणेनेच ओसामा बिन लादेनचा माग काढायला लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. त्याची किंमत पोलिओचे थेंब घेऊन फिरणाऱ्या बायाबापड्यांनी मोजली. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असं अमेरिकेने 2014 मध्ये कळवलं. त्याच वर्षी, 27 मार्चला, भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

(दृश्य: गोवंडी. गल्लीच्या टोकाची अंगणवाडी. निळा डबा, आत बर्फाचे पॅक.)

सिस्टर बाटली उजेडात धरून दाखवतात. झाकणावर एक गोल, त्याच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागली की चौकोन काळवंडत जातो. गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. पावडरीत द्रव मिसळला की चार तास. त्यानंतर उरलेले डोस टाकून द्यायचे. म्हणून सत्र संध्याकाळपर्यंत ताणणं वाटतं तितकं सोपं नाही. पण चेंबूरहून ती परतते संध्याकाळी सहाला.

स्वयंसेविका पुन्हा तिच्या उंबऱ्यावर बसते.

"हे बघ, ताप येईल की नाही ते आत्ता सांगता यायचं नाही. पण या सुईचा ताप आला तर बहुतेक आठवड्याने येतो, दुसऱ्या दिवशी नाही. आला तर मला फोन कर, मी येते."

"हे कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी असतं का हो हे?"

"विचारून सांगते."

ती पर्समधून पेन्सिल काढते. लाल शाईतल्या 'नकार'वर आडवी रेघ मारते, शेजारी लिहिते : रविवार? मग केंद्रावर फोन लावते.

फोन एंगेज लागतो. ती पुन्हा लावते.