आईच्या खाद्याची खूण

(दृश्य: पिंजऱ्यात भुश्यावर पहुडलेली पांढरी मादी)

ही गाभण आहे. उंदराच्या मादीचा गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. पण एवढ्या दिवसांत ती जे खाते, त्याची खूण पिल्लांच्या यकृतात उरते.

यकृत काय आणि मेंदू काय, प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. फरक पडतो तो कुठलं जनुक किती वाचलं जातं यामुळे. अन्न या वाचनात सतत हात घालत असतं. उंदीर उपाशी राहिला की त्याच्या यकृतात ग्लुकोज हाताळणाऱ्या ग्लुकोकायनेजचं जनुक थंडावतं. पिष्टमय खाद्य मिळालं की काही तासांत पुन्हा कामाला लागतं. हा बदल येतो आणि जातो.

(दृश्य: खाद्याच्या दोन वाट्या)

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांना मात्र टिकणारा बदल दिसला. त्यांचा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गाभण माद्यांच्या खाद्यात केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, १८ टक्के होतं; काहींच्या खाद्यात निम्मं, ९ टक्के. व्याल्यावर सगळ्यांना सारखंच, पुरेसं खाद्य. कमी प्रथिनांचं ते खाद्य पिल्लांनी कधी तोंडातही घेतलं नव्हतं.

तरीही दूध तुटल्यानंतर त्यांचं यकृत वेगळं निघालं. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटतात. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढीशी ती चिकटपट्टी. पण ती दाट बसली की जनुक सहसा गप्प राहतं. चरबी जाळण्याचं काम सांभाळणाऱ्या पीपार-अल्फा या जनुकावर या पिल्लांमध्ये मिथाइल गट सुमारे २० टक्क्यांनी कमी होते आणि ते जनुक सुमारे दहापट जोरात वाचलं जात होतं. ताणाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं जनुकही असंच सैल झालेलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिसरा गट. प्रथिन तितकंच कमी, फक्त फॉलिक आम्ल (फोलेट या जीवनसत्त्वाचं एक रूप) पाचपट. शरीर मिथाइल गट तयार करतं ते फोलेटच्याच मदतीने. या माद्यांच्या पिल्लांत तो बदल झालाच नाही! उंदरांचे आकडे माणसाला तसेच्या तसे लावता येत नाहीत, हे इथे सांगायलाच हवं. पण एका जीवनसत्त्वाने जनुकांवरची खूण रोखली, हे डोळ्यांसमोर घडलं होतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाच्या पेशी)

आणि बाप? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नर उंदरांना भरपूर चरबीचं खाद्य देऊन लठ्ठ केलं आणि साधं खाद्य खाणाऱ्या माद्यांशी त्यांची जोडी लावली. त्यांच्या लेकी लठ्ठ नव्हत्या. पण त्यांचं इन्सुलिन कमी पडू लागलं, आणि ते स्रवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशीपुंजांत ६४२ जनुकांचं वाचन बदललेलं होतं. यातलं सर्वाधिक बदललेलं जनुक तपासलं, तर त्याच्यावरचेही मिथाइल गट कमी झालेले होते.