खेचरांच्या वाटेनं

(पडदा काळा. पाणी ठिबकल्याचा आवाज. सायकलच्या फ्री-व्हीलची टिकटिक.)

मागे वळून पाहिलं तर उजेडाचं एक रुपयाएवढं वर्तुळ. पुढेही तेवढंच एक. मधे ३,११८ फूट काळोख. सायकलवरून उतरायचं, ती हातात धरायची आणि सावकाश चालायचं. एका बाजूला विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा, आणि कठड्याखाली न हलणारं काळं पाणी.

हा पॉ पॉ बोगदा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, पोटोमॅक नदी जिथे सापासारखी वळणं घेते, तिथल्या डोंगराच्या पोटात.

टॉर्च कठड्यावर धरा. लाकडात घासून पडलेल्या खाचा दिसतायत ना? या दोरांच्या खुणा आहेत. कोळशानं भरलेल्या नावा ओढताना खेचरांचे दोर इथे घासले, वर्षानुवर्षं घासले. आमच्यातल्या एकीनं त्या खाचेत करंगळी ठेवली. नीट बसली.

(बोगद्याबाहेर. एकदम हिरवा उजेड.)

आपल्याकडे कालवा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते पाटाचं पाणी. ऊस, बारे, रात्रीची पाळी. हा कालवा शेतासाठी नव्हता, तो पाण्याचा रस्ता होता. चेसापीक अँड ओहायो कालवा, सगळे त्याला सी अँड ओ म्हणतात. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून कंबरलँड गावापर्यंत १८४.५ मैल, म्हणजे जवळजवळ २९७ किलोमीटर. नावेत कोळसा, आणि काठावरून ती ओढणारी खेचरं. त्या खेचरांसाठी कालव्याला लागून जी वाट राखली, तिचं नाव टोपाथ. आज आपण त्याच वाटेवर सायकल चालवतोय, कंबरलँडकडून जॉर्जटाउनकडे. माती, मुरूम, बारीक खडी, कुठे कुठे झाडांची मुळं. मोटारींना इथे बंदी आहे.

मोटार नाही, एवढं सांगून ते कळत नाही. पहिल्या तासात आपण सवयीनं मान वळवून मागे बघतो. दुसऱ्या तासात ते थांबतं. मग कान मोकळे होतात. खडीवर टायरची चरचर ऐकू येते, आणि टायर कोरड्या मातीवरून ओल्या मातीवर आला की ती चरचर बदलते, तेही ऐकू येतं. ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं आपली चाहूल लागली की एकामागून एक पाण्यात पडतात. टप, टप, टप.

(कालव्याचं कोरडं पात्र. त्यात वाढलेली उंच झाडं.)

बऱ्याच ठिकाणी कालव्यात आता पाणी नाही. जिथून नावा जायच्या, तिथे झाडं उभी आहेत. नदीकडच्या बाजूला सिकमोर, हाडासारखे पांढरे बुंधे. उथळ पाण्यात एका पायावर बगळा, आपल्या राखी बगळ्याचाच थोरला भाऊ शोभेल असा.

आणि इथे लॉकबद्दल बोलायलाच हवं, कारण लॉक पायांना कळतो. कंबरलँडची उंची जॉर्जटाउनपेक्षा ६०५ फुटांनी जास्त. नाव उतारावरून घसरवता येत नाही, म्हणून तिला पायऱ्या करून दिल्या. अशा ७४ पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे चिरेबंदी हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारं. नाव आत घ्यायची, मागची दारं लावायची, पाणी सोडायचं. नाव हळूहळू खाली बसते, आणि सुमारे ८ फूट खाली पुढचा कालवा तिची वाट बघत असतो. दारं मिटतात ती वरच्या पाण्याकडे, प्रवाहाच्या विरुद्ध टोक करून, त्यामुळे पाणी जितकं रेटतं तितकी ती घट्ट बसतात. खिळा नाही, कुलूप नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

सायकलवर याचा अर्थ काय? दोन लॉकांच्या मधे वाट ताटासारखी सपाट. लॉक आला की छोटासा उतार, आठ-दहा पॅडल फुकट, की पुन्हा सपाट. खेचराच्या ताकदीचा विचार करून आखलेली ही वाट आज दहा वर्षांच्या पोरालाही झेपते, आणि सत्तरीतल्या आजोबांनाही.

(जमिनीवर पडलेलं हिरवट-पिवळं फळ. कोणीतरी ते फोडतं.)

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. वाटेवर मऊ पडलेली ही फळं, ज्यांच्यावरून जवळच्या गावाचं नाव पडलं, बोगद्याचं पडलं. पॉ पॉ. आमच्याबरोबरच्या ताई मूळच्या सासवडच्या. त्यांनी फळ फोडलं, वास घेतला, आणि म्हणाल्या, "अहो, हे तर आपलं सीताफळच की!" अगदी बरोबर बोलल्या. दोन्ही एकाच कुळातली झाडं. तोच मऊ गर, तशाच काळ्या गुळगुळीत बिया, चव मात्र केळ्या-आंब्याच्या मधली. फळ इतकं नाजूक की दुकानात टिकत नाही. ते खायचं तर इथे यायचं.

कालव्याची सुरुवात ४ जुलै १८२८ला. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिलं कुदळ-फावडं मारलं, ते मुळावर आपटलं. त्यांनी कोट काढला आणि पुन्हा मारलं. त्याच दिवशी, बाल्टिमोरमध्ये, आगगाडीच्या मार्गाचा पहिला दगड बसवला जात होता. कालव्याचा निकाल तिथेच लागला म्हणायचा. रेल्वे कंबरलँडला पोचली १८४२मध्ये, कालवा १८५०मध्ये. त्यातली चौदा वर्षं या एका बोगद्यानं खाल्ली, सुमारे साठ लाख विटांसकट. तो खणणाऱ्या आयरिश मजुरांची मजुरी थकली, मारामाऱ्या झाल्या, कंत्राटदार बुडाला. पुढे पिट्सबर्गपर्यंत जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. १८८९च्या पुरानं कंपनी मोडली, १९२४च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या.

मग या जागेचं काय करायचं? १९५०च्या दशकात उत्तर आलं: मोटाररस्ता. वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी पत्र लिहून संपादकांनाच बोलावलं, माझ्याबरोबर चला, आणि मग ठरवा. मार्च १९५४मध्ये ते कंबरलँडहून निघाले. आठ दिवस. एकूण ५८ जण कमी-जास्त चालले, सगळी वाट पुरी केली नऊ जणांनी, डग्लस त्यांतले एक. संपादकही काही अंतर चालले, आणि त्यांनी मत बदललं. १९७१मध्ये ही सगळी पट्टी राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली.

न्यायाधीशानं निकालपत्र न लिहिता बूट चढवले, म्हणून आज इथे टायरची चरचर ऐकू येते.

(वेगानं जाणारी दृश्यं: हँकॉक, विल्यम्सपोर्ट, कड्याला चिकटलेली वाट, हार्पर्स फेरी.)

मोनोकसी नदीवरच्या जलसेतूपाशी मात्र थांबा. सात कमानी, ५१६ फूट लांब, दगडी. वरून कालवा जायचा, खालून नदी जाते. पाण्यावरून पाणी.

शेवटच्या टप्प्यात ग्रेट फॉल्स. वॉशिंग्टनच्या आसपासच्या मराठी घरांना हा धबधबा ठाऊक आहे; भारतातून आई-बाबा आले की रविवारी इथे फेरी ठरलेली. बहुतेक जण धबधबा पाहून गाडीकडे परततात. आता इथपर्यंत आलोच आहोत, तर त्या मुरमाच्या वाटेनं वरच्या अंगाला दोन मैल तरी जा. बाबांनाही घेऊन जा.

(आवाज हळूहळू वाढतो: दूरच्या गाड्या, मग एक हॉर्न.)

जॉर्जटाउन. विटांची घरं, शेवटचे चार लॉक, आणि तीन-चार दिवसांत ऐकलेला पहिला हॉर्न. मैल शून्यचा दगड नदीकाठी, होड्यांच्या गोदीमागे आहे, शोधावा लागतो. ताई सायकल टेकवतात, पिशवीतून रुमालात गुंडाळलेल्या चार बिया काढतात आणि मोजतात. चारही शाबूत आहेत.