नंबर पाठ आहे का?

अमेरिकेत घरचा माणूस अटकेत गेला, तर बाहेरच्यांनी काय करायचे, त्याची ही गोष्ट. पडद्यावर दिसतो आहे तो लॉस एंजेलिस शहरातील बॉशे स्ट्रीट. रस्त्याच्या एका बाजूला १९६३ साली सुरू झालेले मेन्स सेंट्रल जेल आहे, दुसऱ्या बाजूला ट्विन टॉवर्स हे दुसरे जेल. हे काउंटीचे तुरुंग आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि या तुरुंगांचा कारभार पाहतो तो शेरीफ, ज्याला अमेरिकेतील बहुतेक राज्यांत लोक मतदानाने निवडून देतात. मोठी शिक्षा झालेले कैदी सहसा राज्याच्या किंवा केंद्राच्या कारागृहात जातात. काउंटी जेलमध्ये मुख्यतः असतात ते खटला अजून निकाली न निघालेले, आपल्या बोलीत कच्चे कैदी. म्हणजे ज्याच्यासाठी घरचे लोक येथे रांगेत उभे असतात, तो कायद्याच्या नजरेत बहुधा अजून निर्दोषच असतो.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम ८५१.५ नुसार अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करण्याचा हक्क मिळतो. हक्क चांगला आहे, पण मोबाइल जमा झालेला असतो आणि आजच्या माणसाला स्वतःच्या बायकोचाही नंबर पाठ नसतो. त्यामुळे घरच्यांना बातमी अनेकदा फोनने कळतच नाही. माणूस रात्री परतला नाही म्हणून कोणीतरी शेरीफच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून पाहते, आणि समोर एक बुकिंग नंबर, म्हणजे अटकेच्या नोंदीचा क्रमांक, उमटतो. यापुढे पैसे भरणे, पत्र पाठवणे, भेटीची वेळ घेणे या प्रत्येक कामाला नावाबरोबर तो नंबर सांगावा लागतो. तो कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवणे, ही मदतीची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी औषधांची. आतल्या माणसाला मधुमेह, अपस्मार किंवा नैराश्याचा त्रास असेल, तर जेलच्या वैद्यकीय विभागाला त्याच दिवशी फोन करून औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरचा नंबर कळवावा. गोपनीयतेच्या नियमांमुळे पलीकडचा कर्मचारी कैद्याविषयी काही सांगणार नाही, पण सांगितलेले तो टिपून घेऊ शकतो. ही घाई अनाठायी नाही. अमेरिकेच्या स्थानिक तुरुंगांतील मृत्यूंमध्ये आत्महत्या हे अनेक वर्षे सर्वांत मोठे कारण ठरले आहे. १० जुलै २०१५ रोजी टेक्सासमध्ये सॅन्ड्रा ब्लँड या तरुणीला लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून थांबवण्यात आले. प्रकरण अटकेपर्यंत गेले आणि ५,००० डॉलरचा जामीन ठरला. बाहेर पडण्यासाठी सुमारे ५०० डॉलर पुरले असते. तिने जेलमधून फोन केले, घरचे पैशांच्या खटपटीत होते, आणि १३ जुलैच्या सकाळी वॉलर काउंटी जेलच्या कोठडीत ती मृतावस्थेत सापडली. मृत्यूची नोंद आत्महत्या अशी झाली.

त्या ५०० डॉलरचा हिशेब असा. जामिनाची पूर्ण रक्कम न्यायालयात भरली, तर खटला संपल्यावर ती परत मिळते. तेवढी ऐपत नसेल, तर बेल बाँडवाला साधारण दहा टक्के घेऊन हमी देतो. ५०,००० च्या जामिनाला ५,००० डॉलर, आणि आरोपी उद्या निर्दोष सुटला तरी ते बुडालेच. म्हणून पैशांची जमवाजमव करण्यापूर्वी वकिलाला विचारावे, कारण पहिल्या सुनावणीत जामीन कमी होऊ शकतो. इलिनॉय राज्याने तर सप्टेंबर २०२३ मध्ये रोख जामीन पूर्णपणे बंद केला. कॅलिफोर्नियात पहिली सुनावणी रविवार आणि सुट्ट्या वगळून ४८ तासांत व्हावी लागते. शुक्रवारी रात्री पकडलेल्या माणसाचा मंगळवार उजाडू शकतो.

वकील म्हणजे येथे बहुधा पब्लिक डिफेंडर. मराठी कानाला ‘सरकारी वकील’ म्हटले की आरोपीविरुद्ध उभा राहणारा आठवतो, आणि त्यामुळे नव्याने गेलेली कुटुंबे त्याच्याशी बोलायला कचरतात. हा वकील न परवडणाऱ्या आरोपीच्या बाजूचा, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालानंतर राज्याला द्यावा लागणारा वकील आहे. त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, पण आतल्या माणसाशी जेलच्या फोनवर खटल्याविषयी मात्र अजिबात नाही.

फोन उचलताच ध्वनिमुद्रित आवाज बजावतो की हे संभाषण नोंदवले जात आहे. ती धमकी नसते, वस्तुस्थिती असते. त्या नोंदी फिर्यादी पक्ष न्यायालयात वाजवतो. ‘नेमके काय झाले रे?’ हा काळजीपोटी निघणारा अगदी पहिला प्रश्न, आणि तोच गिळावा लागतो. मग पंधरा-वीस मिनिटे बोलायचे काय? जेवलास का, झोप लागते का, भाचीला किती गुण मिळाले, अंगणातले लिंबू लागले का. साताऱ्यात जागी बसलेल्या आईला आवाज ऐकवावा म्हणून बहीण दुसऱ्या फोनवरून तिला जोडू पाहते, आणि यंत्रणा ही तिसरी जोडणी ओळखून फोन तोडते. नियम आहे, आईला तो कसा समजावणार?

या फोनचे पैसे कोण भरते, हा प्रश्न ऐरणीवर आणला वॉशिंग्टनच्या मार्था राइट यांनी. निवृत्त परिचारिका, दृष्टी गेलेली, त्यामुळे तुरुंगातल्या नातवाला पत्र लिहिणेही अशक्य. आणि फोनचे दर परवडेनात. २००० साली त्या न्यायालयात गेल्या, २००३ मध्ये दूरसंचार आयोगाकडे अर्ज केला. आंतरराज्य दरांवर पहिली मर्यादा यायला २०१३ उजाडले. २०१५ मध्ये त्या वारल्या, आणि राज्यांतर्गत फोनही कक्षेत आणणारा, त्यांचे नाव असलेला कायदा जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने पक्का झाला. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्येच आपल्या काउंटी जेलचे फोन मोफत केले होते.

मराठी घराला सर्वांत जड जाते ते घरचा डबा देता न येणे. बाहेरचे अन्न आत जातच नाही. खात्यात पैसे भरायचे, त्यावर शुल्कही द्यायचे, आणि आतला माणूस कमिसरीतून, म्हणजे जेलमधल्या दुकानातून, नूडल्सची पाकिटे घेतो. गरम पाण्यात भिजवून त्यात चिप्स चुरतो, हा तेथला मेजवानीचा पदार्थ. पुस्तक पाठवायचे तर बहुतेक ठिकाणी कागदी बांधणीचे, तेही थेट विक्रेत्याकडून.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. ‘कबूल कर आणि सुटून ये’ हा नातेवाइकांचा प्रेमळ सल्ला कधीकधी थेट हद्दपारीकडे नेतो. कबुलीने हद्दपारी ओढवू शकते का, हे वकिलाने समजावलेच पाहिजे, असे २०१० च्या पॅडिला निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे; तरीही तो प्रश्न घरच्यांनी स्वतःहून विचारावा. शिवाय वाणिज्य दूतावासांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार भारतीय नागरिक आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करू शकतो. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने आंतरराष्ट्रीय न्यायालयात ज्यावर बोट ठेवले, तेच हे कलम.

सुटकेचा आदेश निघाला तरी कागदपत्रांना कित्येक तास लागतात, आणि दार अनेकदा मध्यरात्रीनंतर उघडते. माणूस अटकेच्या दिवशीच्या कपड्यांत, हातात सामानाची प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर येतो. पिशवीतल्या मोबाइलची बॅटरी केव्हाच संपलेली असते. बॉशे स्ट्रीटच्या कडेला गाडी लावून बसलेल्या बहिणीने मागच्या सीटवर जॅकेट, चार्जर आणि डब्यात पोळी-भाजी ठेवली आहे, आणि दर पाच मिनिटांनी ती त्या दाराकडे पाहते.