घोडेबाजारातली उपसंस्कृती

नमस्कार मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून ऐकत असाल तिथं राम राम. आज बोलायचंय उपसंस्कृतीवर, पोरं हल्ली सबकल्चर म्हणतात ते. म्हणजे आपल्याच समाजात, आपल्याच गल्लीत राहणारा एखादा गट, पण त्याची बोली वेगळी, नियम वेगळे, आणि आपला कोण, परका कोण हे ठरवणार तेच. बोली, नियम आणि आपला-परका, एवढं धरून ठेवा.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचं सांगतो. दत्तजयंतीची यात्रा, तापीचा काठ, एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि मामांबरोबर थेट घोडेबाजारात. (जाताना भरीत-पुरी खाल्ली, आणि भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच पाहिजे, गॅसवर भाजलेल्याला मी तरी भरीत म्हणणार नाही.) तर एक घोडी दिसली, दुधासारखी, मी जोरात म्हटलं मामा ती पांढरी बघा. मामांनी दंड धरला, "हळू बोल रे, तिले नुकरी म्हणतस." कपाळ आणि चारही पाय पांढरे तर पंचकल्याणी, मानेखाली केसांचा भोवरा असला तर देवमण, तो शुभ. तेवढ्यात एक पागोटंवाले बाबा आले, रंगाकडे बघितलंच नाही, ओठ वर करून दात बघितले, वय कळलं, मग मानेखाली हात फिरवला. शेजारी कानात इअरफोन घातलेला, फाटकी जीन्स घातलेला पोरगा, तो विचारतोय चाल कशी, रेवाल आहे का, आणि बाबा त्याला बरोबरीच्या माणसासारखं उत्तर देतायत, गाव नाही विचारलं, जात नाही विचारली. दोघांनी रुमालाखाली हात घातले, बोटांवर भाव चालू. मग एक मोठ्या गाडीतले साहेब आले, सगळ्यांसमोर मोठ्यानं, "काय किंमत?" मालक म्हणाला, बघा साहेब, फिरा जरा. बस्स, पुढे एक शब्द नाही. पैसा असून साहेब परके आणि तो पोरगा आपला! बोली, नियम, आपला-परका, तिन्ही तिथं हजर.

असेच दोन गट इंग्लंडातही होते. तिथं 1964 मध्ये स्कूटरवरचे, टापटीप कपड्यांतले मॉड्स आणि बाइकवाले, लेदर जाकीटवाले रॉकर्स ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावांत भिडले, पेपरवाल्यांनी गुंड गुंड म्हणून बोंब ठोकली. त्याच वर्षी बर्मिंगहॅम विद्यापीठात संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र निघालं, आणि पुढं सत्तरच्या दशकात तिथल्या अभ्यासकांनी सांगितलं की ही पोरं कपड्यांतून, गाड्यांतून काहीतरी बोलतायत, ते ऐका.

आणि एक, अहिराणी बोलणाऱ्यांना कुणी उपसंस्कृती म्हटलं तर मला राग येतो. कानबाई देवीचे रोट घराघरात होतात, ती अख्ख्या खान्देशाची संस्कृती आहे, घोडेवाले हा तिच्यातला एक गट. चार पोरांनी सारखे टीशर्ट घातले म्हणून पण लगेच उपसंस्कृती होत नाही, त्यांच्यात नवा आला तर त्याला काय शिकावं लागतं ते विचारा. काहीच शिकावं लागत नसेल तर ते नुसते टीशर्ट. चला, वेळ झाली, राम राम.