छप्पर कापायच्या आधी

मी गेली 20 वर्षं इंदुरात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतोय, आणि हल्ली आठवड्यातनं एक तरी माणूस येऊन विचारतो, दादा, माझी सिटी 2014 ची आहे, हिला कंपनीसारखी सनरूफ बसेल का. विचारण्यात काही चूक नाही. 2014 साली नवी होंडा सिटी आली तेव्हा वरच्या व्हीएक्सला सनरूफ होती आणि खालच्या मॉडेलांना नव्हती, बाहेरून बॉडी तीच दिसते, मग माणसाला वाटणारच की एक काच बसवायची तेवढी बाकी आहे.

मलाही तसंच वाटलं होतं. माझी जुनी मारुती एस्टीम होती, तिला एकाकडून सनरूफ बसवून घेतली, वर उचलून उघडते ती साधी. त्याने टपावर पेन्सिलने चौकोन आखला आणि सरळ ग्राइंडर लावला. मी शेजारी उभा होतो, तेव्हा मी या कामात नवाच होतो, पण तरी आतून धस्स झालं. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो, ग्राइंडरने तो तापतो, आणि एकदा का तापून ताणला की गाडी जोरात गेली की डब्यासारखा आतबाहेर डबडबतो. ठिणग्या उडाल्या त्या पुढच्या काचेवर बसल्या, त्या पुसून जात नाहीत बरं का, काचेत रुततात, आजही हात फिरवला की खरखर लागेल. आणि टपाखाली जी आडवी पट्टी असते, जिच्यावर सगळा पत्रा तोललेला असतो, ती मध्ये येत होती म्हणून त्याने तीही कापली. मी काही बोललो नाही. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, आई पुढे बसली होती, इंदुरजवळच्या राऊच्या आसपास, आतल्या दिव्याच्या कव्हरमधून धार लागली ती तिच्या मांडीवर. दिवाळीपर्यंत गाडीत कुबट वास होता, कार्पेट उचललं तर खाली गंज.

खरी गोष्ट मला पुढे कळली, एका व्हीएक्सवर झाड पडलं तेव्हा. तिचा टप पूर्ण चेपला होता, बदलायचाच होता. त्या गाडीने मला जे शिकवलं ते कुणी शिकवलं नव्हतं.

आधी पुढची-मागची काच काढली, सीलिंग, म्हणजे टपाचं आतलं अस्तर, उतरवलं, टपाच्या दोन्ही कडांच्या काळ्या पट्ट्या उचलल्या, खाली स्पॉट वेल्डची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या वेल्डिंगच्या ठिपक्यांची रांग. एकेक टाका ड्रिलने सोडवायचा, घाई केली की खालचा पत्रा फाटतो. नवा टप आला तो बिनसनरूफच्या टपापेक्षा वेगळा होता. भोकाच्या कडेला जाड पत्र्याची अख्खी चौकट होती, आडव्या पट्ट्यांची जागाही वेगळी, म्हणजे कंपनीने भोक पाडलं आणि गेलेली ताकद दुसरीकडून परत दिली. गाडी उलटली तर हाच टप डोक्यावर असतो. म्हणून म्हणतो, कंपनीसारखं पाहिजे तर तुमचा टप कापून काम होत नाही, त्याच मॉडेलचा सनरूफवाला टप, त्याची चौकट, कॅसेट, म्हणजे सनरूफची काच जिच्यात बसते तो सांगाडा, भोकवालं सीलिंग, वायरिंग, सगळं एका जागेहून आणावं लागतं, आणि तेही अपघातात वाकलेलं नसलेलं. बाजूच्या एअरबॅग असतील तर त्या याच सीलिंगच्या कडेने जातात, त्या चुकून फुटू नयेत म्हणून बॅटरी आधी काढायची. जोडाच्या जागी गंज अडवणारा झिंक प्रायमर, ज्याच्यावरून वेल्ड करता येतं तो, वर इपॉक्सीचा थर, आत पोकळीत मेण. हे दिसत नाही म्हणून कुणी सोडलं की तीन पावसाळ्यांत पत्रा कडेने फुगतो.

आता पाणी. मला वाटायचं रबर घट्ट असलं की पाणी येत नाही. तसं नाहीये. सनरूफचं रबर थोडं पाणी आत येऊच देतं, कंपनीने ते धरूनच चाललेलं असतं, कारण काचेखाली कॅसेटला सगळीकडून पन्हाळ असते आणि चारी कोपऱ्यांना एकेक नळी. पुढच्या दोन नळ्या काचेशेजारच्या खांबातून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबातून, आणि पाणी गाडीच्या बाहेर, खाली पडतं. माझ्या एस्टीममध्ये पन्हाळ होती की नाही आठवत नाही, पण नळी एकही नव्हती, सगळा भरवसा सिलिकॉनवर. त्या व्हीएक्सच्या पन्हाळीत मी पाण्याची अर्धी बाटली हळूहळू ओतली आणि खाली वाकून बघितलं, पुढच्या चाकामागे थेंब, मग धार. मी पोरांना बोलावून दाखवलं.

जाता जाता सांगतो, अमेरिकेतही हा धंदा बाहेरून बसवण्यानेच वाढला. हाइन्झ प्रेक्टर नावाच्या जर्मन माणसाने 1965 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन सनरूफ कंपनी काढली, लोकांच्या गाड्यांचे टप कापून, आणि पुढे गाडी बनवणाऱ्या कंपन्याच त्याच्याकडे आल्या.

पण आपल्याकडे कायदा आहे आणि तो मी लपवणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात हेच बजावलं, रंग किंवा किरकोळ गोष्ट वेगळी, गाडीचा मूळ ढाचा बदलायचा नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि विमावाला अपघातानंतर टप बघणारच. म्हणून जो माझ्याकडे येतो त्याला मी म्हणतो, आधी आरटीओचं लेखी आण, मग बोलू. अजून एकानेही आणलेलं नाही, आणि म्हणून मी सनरूफसाठी एकही टप कापलेला नाही. धंदा जातो, जाऊ दे. ज्याला सनरूफ हवीच आहे त्याने जुनी व्हीएक्स शोधावी, टप बदलण्याच्या खर्चात ती वरची फरकाची रक्कम सहज निघते.

मघाशी एका काकूंनी विचारलं की त्यांच्या गाडीला कंपनीचीच सनरूफ आहे तरी पायाशी ओल येते. काकू, तुमच्या नळ्या तुंबल्यात, दुसरं काही नसावं, कडुनिंबाखाली गाडी लावता ना. कुणी कॉम्प्रेसरची हवा मारतो म्हणाला तर नको म्हणा, नळी आतल्या आत सुटते आणि मग सीलिंग उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घ्या, जाडसर, टोक मेणबत्तीवर जरा गोल करा म्हणजे नळीला टोचणार नाही. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात हळू सारा, अडली की जोर करू नका, फिरवा. मग थोडं पाणी ओता आणि खाली बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यातच करा, पाऊस लागायच्या आत.