पोरगी खात नाही, पण वाढतेय

(संक्रांतीच्या मेळाव्यातलं भाषण. वेबसाइटसाठी थोडी काटछाट केलीये, भाषा बोलण्यातलीच ठेवलीये.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? पोरांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, ते चालूच राहू दे.

कमिटीतल्या मावशींनी मला "लहान मुलांची वाढ" असा विषय दिला. म्हटलं मावशी, मी काय डॉक्टर आहे का, मी एल्टर्नझाइट (जर्मनीतली पालकांची रजा) घेऊन घरी बसलेला आणि आता अर्धवेळ कामाला लागलेला सॉफ्टवेअरवाला बाप. तर म्हणाल्या, मग तर बोलाच, दिवसभर बघताय ना पोरीला. तर हो, बघतोय. आणि बघून बघून माझं एक मत झालंय ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत कोणाचं ना कोणाचं डायपर निघेलच. आपण मराठी माणसं मुलाची वाढ ताटात मोजतो, आणि दुसऱ्या वर्षात ती ताटात दिसतच नाही.

भारतातून फोन आला की पहिला प्रश्न काय? जेवली का. दुसरा? काय खाल्लं. आमची आई, सासूबाई, आत्या, आणि सोसायटीतल्या त्या काकू ज्यांनी पोरीला फक्त फोटोत बघितलंय, सगळ्यांचा हाच प्रश्न. आणि नेमकी वर्षाची झाली तशी आमची खाईनाशी झाली. वाटीभर मऊ भात, मेतकूट, तूप चाटूनपुसून संपवणारी पोरगी, आता दोन घास घेते, तिसरा थुंकते, चौथा केसांना लावते आणि मग खुर्चीतून उतरायचंय म्हणून किंचाळते. झालं, लगेच फोनवरून निदानं सुरू. दात येत असतील, दृष्ट लागली असेल, तिकडचं गार दूध बाधलं असेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाक.

आमच्या डॉक्टर बाईंनी पिवळी वही उघडली (नवीन आलेल्यांसाठी सांगतो, जर्मनीत बाळ जन्मलं की ही वही मिळते, ऊ-१ पासून ऊ-९ पर्यंतच्या सगळ्या तपासण्या त्यात लिहितात) आणि आलेख दाखवला. हिशोब साधा आहे. पहिल्या वर्षात मुलाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे ३ किलोचं बाळ वाढदिवसाला ९ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र वाढतं फक्त दोन-अडीच किलो. उंचीचंही तसंच, पहिल्या वर्षी २५ सेंटिमीटर तर दुसऱ्या वर्षी साधारण १२. आता पहिल्या वर्षाच्याच वेगाने गेलं असतं तर दुसऱ्या वाढदिवसाला २७ किलोचं मूल कडेवर घ्यावं लागलं असतं, आणि आपली कंबर तशीही ऑफिसच्या खुर्चीने गेलेली आहे! वेग कमी झाला म्हणून भूक कमी झाली, एवढंच. पोर आजारी नाही, मशीन बिघडलेलं नाही.

हां, याचा अर्थ लक्षच द्यायचं नाही असं नाही. आलेखावर छापलेल्या रेघांपैकी मूल आपली रेघ धरून चाललंय का ते बघायचं, बारीक मुलाची रेघ खालून गेली तरी चालते, पण एक सोडून दोन-दोन रेघा खाली घसरायला लागलं तर डॉक्टरकडे जायचंच. आणि दूध बघा. जेवली नाही म्हणून बाटली, रडली म्हणून बाटली, झोपताना बाटली असं करत अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट त्यानेच भरतं, मग भात कुठे जाणार, शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतंच त्यामुळे रक्त कमी होतं ते वेगळं. आमच्याकडे आता नियम असा की काय आणि कधी ते आम्ही ठरवायचं, किती ते तिने. चिऊचा घास, काऊचा घास चालतो, पण मोबाईलवर कार्टून लावून उघड्या तोंडात चमचा ढकलणं नाही. (यावर आईचं आणि माझं एकमत अजून झालेलं नाही, आई इथे बसलीये, नंतर तिच्याकडून दुसरी बाजू ऐका.)

आणि गंमत म्हणजे कितामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, हीच मुलगी सूप दोनदा मागून घेते असं तिथल्या बाई सांगतात. शेजारच्या खुर्चीतला पोरगा खातो म्हणून ही खाते. आपल्या लहानपणी घरात चार चुलत भावंडं असायची, पंगतच असायची, आणि घास मोजत बसायला कोणाला वेळ नव्हता. इथे एका मुलाच्या तोंडाकडे दोन इंजिनिअर बघत बसलेले असतात, त्या मुलाची भूक जाणारच.

मग वाढ जाते कुठे? बाकी सगळीकडे. पायात जाते. चालण्यावरून ग्रुपवर जे चालतं ते तुम्हाला माहितीये, कोणीतरी टाकतं "आमचा दहाव्या महिन्यात चालला" आणि बाकीच्या घरांत टेन्शन. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांवर मोठा अभ्यास करून २००६ मध्ये आकडे काढले, त्यात भारत पण होता, दिल्लीची मुलं. एकट्याने चालायचा काळ निघाला साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत! एवढी मोठी खिडकी आहे. आणि शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उठून चालली.

डोक्यात पण जाते. १९७२ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, मुलाच्या नाकाला गुपचूप लाल रंग लावायचा आणि आरशासमोर सोडायचं. लहान बाळ आरशातल्या बाळाशी खेळतं, पण दीड-दोन वर्षांच्या आसपास मूल स्वतःच्या नाकाला हात लावतं, म्हणजे हे मीच हे त्याला कळलेलं असतं. आमच्याकडे रंगाची गरजच पडली नाही, आई रोज काजळाची तीट लावतेच. बरेच दिवस ती आरशातल्या मुलीची तीट पुसायला जायची, मग एक दिवस थांबली, बघितलं, आणि स्वतःच्या गालावरची फासली. आणि त्याच सुमारास घरात "माझं" सुरू झालं. माझा चमचा, माझा बाबा, माझा कचरा. आणि "नाही". आंघोळीला नाही, आंघोळीतून बाहेर यायलाही नाही. लोक म्हणतात हट्टी झालीये, मला वाटतं "मी" सापडलाय तो ती वापरून बघतेय.

बोलण्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची भीती इथे सगळ्यांनाच असते. दोन वर्षांच्या तपासणीत साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्द जोडणं बघतात, पण ते मराठी आणि जर्मन मिळून मोजायचे असतात, "पाणी" पण धरा आणि "बाल" (जर्मनमध्ये चेंडू) पण धरा. डॉक्टरला घरची भाषा येत नाही, त्यामुळे यादी आपणच करून न्यायची. त्यापेक्षा कमी असेल तर कान तपासून घ्या, पण मराठी बंद करू नका, दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. आमची दिवसभर बाबाबरोबर असल्यामुळे "मी जातो, मी खातो" म्हणते, ते होईल सरळ.

आणि आजी-आजोबांना मला खास सांगायचंय. तुमचा व्हिसा ९० दिवसांचा. जाताना रांगणारं पोर, पुढच्या वेळी एअरपोर्टवर पळत सुटतं आणि तुम्हाला वाटतं आपण सगळं चुकवलं. पण आम्हाला रोज बघून जे दिसत नाही ते तुम्हालाच दिसतं. आईने आल्या आल्या सांगितलं की हिचं पोट आत गेलंय आणि पाय लांब झालेत. दोन वर्षांकडे जाताना तसंच होतं, बाळसं उतरतं आणि मूल ताडमाड दिसायला लागतं. त्याला वाळणं म्हणू नका एवढीच विनंती.

बरं, आता बोरन्हाण आहे. इथे बोरं मिळत नाहीत म्हणून गेल्या वर्षी मार्शमेलो आणि द्राक्षं आली होती. यंदा नको. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, उसाचे करवे, कडक हलवा हे सगळं तीन-चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकतं, दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, आणि डोक्यावरून पडलं की पहिलं तोंडातच जातं. आपण कुरमुरे आणि कापडाचे छोटे बॉल आणलेत. हलव्याचे दागिने फोटो झाला की लगेच काढून ठेवा, मणी तोडून खाण्यात ही मंडळी पटाईत आहेत. काळे कपडेवाल्यांना चादरीवर घेऊन या, मोठी मुलं वेचायला मदत करतील. आणि निरांजन कोणी ठेवलंय ते टेबलाच्या कडेला? आत घ्या, आत घ्या, तो टेबलक्लॉथ ओढतोय!