दर ठरवण्याआधी वर्षाचा हिशेब

मित्रहो,

छायाचित्रणाच्या दरांविषयी बोलायला सुरुवात केली की पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : गोव्यात सध्या दिवसाचा रेट काय चालतो? या प्रश्नाचे उत्तर मी आज मुद्दामच देणार नाही. दुसऱ्याचा दर हा त्याच्या घरभाड्यावर, त्याच्या कर्जाच्या हप्त्यांवर आणि घरात येणाऱ्या इतर मिळकतीवर उभा असतो. म्हापशाला वडिलोपार्जित घरात राहून वडिलांच्याच स्टुडिओतून काम करणारा एक जण आणि पर्वरीत भाड्याने राहून हप्त्यांवर कॅमेरा घेतलेला दुसरा, या दोघांनी एकच दर लावला तर दुसरा तोट्यात जाण्याची शक्यताच अधिक, आणि ते त्याला एकदोन हंगाम उलटून गेल्यावरच कळते.

म्हणून आधी स्वतःचे वर्ष कागदावर मांडावे. उदाहरणादाखल, कॅमेरा, दोन लेन्स, लाइट आणि संगणक मिळून पाच लाख रुपये गुंतवले आणि ही सामग्री पाच वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला एक लाख रुपये बाजूला पडायला हवेत. दुरुस्ती, विमा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, पेट्रोल, वीज, इंटरनेट आणि हिशेबनीस यांचे दोन लाख धरू. घरखर्च महिना चाळीस हजारांप्रमाणे चार लाख ऐंशी हजार. कर, आजारपण आणि शिल्लक यांसाठी एक लाख वीस हजार. एकूण नऊ लाख झाले. आता हे नऊ लाख किती दिवसांत मिळवायचे, हे पाहावे लागते, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण ते महिन्याचे पंचवीस दिवस धरतात. चित्रीकरणाच्या एका दिवसामागे निवड, एडिटिंग, बॅकअप आणि ग्राहकाशी बोलणी यांत किमान दोन दिवस जातात. म्हणजे वर्षाला पंचाहत्तर दिवस चित्रीकरण केले तरी सव्वादोनशे दिवस कामात गेले. नऊ लाखांना पंचाहत्तरांनी भागल्यावर दिवसाचे बारा हजार येतात. हा आकडा माझ्या उदाहरणातला आहे, तुमचा वेगळा निघेल. मात्र जो निघेल तो तुमचा तळ समजावा. त्याखाली घेतलेल्या प्रत्येक कामासाठी तुम्ही पदरचे पैसे घालत असता.

गोव्यात हे पंचाहत्तर दिवस वर्षभर सारखे पसरलेले नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, आणि चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीविवाह झाला की हिंदू लग्ने सुरू होतात, डिसेंबर-जानेवारीत कॅथलिक लग्नांची आणि पर्यटकांची गर्दी एकाच वेळी येते, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात कॅथलिक लग्ने सहसा ठेवत नाहीत. हंगामातल्या शनिवार-रविवारची तारीख एकदा दिली की ती दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून तारीख राखण्यासाठी घेतलेली ॲडव्हान्सची रक्कम ग्राहकाने लग्न पुढे ढकलले तर परत मिळणार की नाही, हे आधीच लिहून ठेवावे. पावसाळ्याचा आणखी एक खर्च आपण धरतच नाही : दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी येते, समुद्रकाठच्या कामाने बटणांत आणि लेन्स जोडण्याच्या खाचेत, म्हणजे माउंटमध्ये, खार बसतो. लेन्स कोरड्या ठेवणारे कपाट (ड्राय कॅबिनेट), साफसफाई आणि वेळेआधी बदलावी लागणारी लेन्स हा इथल्या धंद्याचा नेहमीचाच खर्च आहे.

तळ ठरल्यावर दुसरा हिशेब सुरू होतो, आणि तो छायाचित्राच्या वापराचा असतो. आसगावातल्या एखाद्या व्हिलाचे काम घ्या. मालक म्हणतो, सहा खोल्या आणि एक पोहण्याचा तलाव, दोन तासांचे काम आहे. प्रत्यक्षात चादरीच्या सुरकुत्या काढणे, वायरी लपवणे, आरशात स्वतः दिसणार नाही अशा जागी ट्रायपॉड लावणे यातच सकाळ जाते. खोलीतला उजेड आणि खिडकीबाहेरची माडांची हिरवळ एका क्लिकमध्ये नीट येत नाही, म्हणून त्याच जागेवरून कमीअधिक एक्स्पोजरच्या, म्हणजे कमीअधिक उजेड आत घेतलेल्या, तीन ते पाच फ्रेम घेऊन त्या नंतर संगणकावर जुळवाव्या लागतात. तलावाचे चित्र सूर्यास्तानंतर आकाश निळे असते आणि आतले दिवे लागलेले असतात तेव्हाच उठून दिसते, आणि त्यासाठी जेमतेम वीस मिनिटे मिळतात. ती हुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. इतके करून तयार झालेले चित्र मालकाच्या संकेतस्थळावर एक वर्ष राहणार असेल तर एक रक्कम योग्य ठरेल. तेच चित्र मोपा विमानतळाच्या रस्त्यावर मोठ्या फलकावर लागणार असेल किंवा बांधकाम व्यावसायिक ते पुढच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत वापरणार असेल, तर ती रक्कम कितीतरी वाढायला हवी. तुमची मेहनत तेवढीच असली तरी चित्रातून मिळवला जाणारा फायदा वेगळा असतो. कोटेशनमध्ये चित्रीकरणाचे मोल आणि वापराचे मोल या दोन स्वतंत्र ओळी ठेवा, म्हणजे घासाघीस झाली तरी वापर कमी करून रक्कम कमी करता येते आणि तळाला धक्का लागत नाही.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे असे समजू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 17 नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काम सांगणाराच असतो. त्यामुळे हक्क आपल्याकडे ठेवायचा असेल तर तसे काम सुरू होण्यापूर्वी लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवणे भाग आहे. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे मानतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो. मला वाटते, दराच्या आकड्यापेक्षाही या चार ओळी आपल्याकडच्या तरुण छायाचित्रकारांचे अधिक पैसे वाचवतील. लग्नाच्या कामातही तेच करावे : आपल्या संग्रहासाठी आणि प्रसिद्धीसाठी चित्रे वापरण्याची परवानगी कुटुंबाकडून स्पष्ट शब्दांत घ्यावी, आणि नको म्हणणाऱ्या घराचा मान राखावा.

नातेवाईक आणि गावकरी यांच्याबद्दल थोडे बोलतो. मामेभावाच्या साखरपुड्याला कॅमेरा घेऊन जाणे हा आपुलकीचा भाग आहे आणि तो सोडू नये. फक्त बिल करताना पूर्ण रक्कम लिहून तिच्याखाली सवलत दाखवावी. नाहीतर त्या घरातून पुढे आलेला प्रत्येक जण सवलतीचा आकडाच तुमचा दर मानतो, आणि मग तो वर नेणे फार जड जाते.

पैसे वेळेवर मिळण्याचाही विचार दर ठरवतानाच करावा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यवसायाचे पैसे 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. हंगाम संपेपर्यंत बिल अडकवून ठेवणाऱ्या हॉटेलला ही तरतूद कोटेशनच्या शेवटच्या ओळीत शांतपणे दाखवून द्यावी. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि 18 टक्के कर येतो, म्हणून रकमेपुढे ‘जीएसटी वेगळा’ असे पहिल्यापासून लिहिण्याची सवय बरी.

जुन्या ग्राहकांना नवा दर कळवायचा तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दिवस मला सोयीचे वाटतात. हॉटेले आणि व्हिलांचे मालक तेव्हा येत्या हंगामाच्या तयारीला लागलेले असतात आणि ऑक्टोबरपूर्वी त्यांना दुसऱ्या छायाचित्रकाराकडे चौकशी करायलाही वेळ असतो. नवा दर कोणत्या तारखेपासून लागू होईल हे लेखी कळवावे, आणि त्याआधी घेतलेली सगळी बुकिंग जुन्याच दराने पूर्ण करावीत.